मेकॅनिकल इंजिनीअर आहात आणि नवी नोकरी शोधताय? ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील बौद्ध तरुणांसाठी मार्गदर्शन

आपल्या समाजातील मेकॅनिकल इंजिनीअरांची एक मोठी फळी आज पंचविशी-तिशीत आहे. वडील गोदीत, गिरणीत, रेल्वेत, महापालिकेत नाहीतर एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत राबले. मुलाने किंवा मुलीने पॉलिटेक्निक केले, डिग्री केली. पहिली नोकरी कॅम्पसमधून, जाहिरातीतून किंवा ठेकेदारामार्फत कशीतरी मिळून गेली. खरी अडचण येते ती दुसऱ्या नोकरीच्या वेळी. चार-पाच वर्षे झाली, पगार अडकून पडला, कंपनी इथून हलणार अशी कुजबुज सुरू झाली, ठेकेदार बदलला की आपण राहू की नाही याची खात्री नाही. आणि पुढे कुठे जायचे, कोणाला विचारायचे, हे सांगणारे घरात कोणी नाही.

हा लेख अशा तरुण-तरुणींसाठी आणि त्यांना मदत करू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. दुसरी नोकरी केवळ पदवीवर मिळत नाही. तिला दाखवता येईल असे काम लागते, पुरे कागद लागतात आणि कारखान्याच्या आतली ओळख लागते. काम आणि कागद ज्याचे त्याला जमवता येतात. ओळख मात्र एकट्याने उभी राहत नाही, ती समाजाने मिळून उभी करावी लागते. आपण नेमके तिथेच कमी पडतो.

आपल्या पट्ट्यात काय गेले, काय उरले

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याची पहिली वसाहत म्हणजे ठाण्यातली वागळे इस्टेट. पुढे ठाणे-बेलापूर रस्ता, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर असा पट्टा वाढत गेला. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना याच पट्ट्याने पोसले.

नंतर ओहोटी लागली. डोंबिवलीत शिळ रस्त्यालगत प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो मोटारी बनत होत्या. तो थांबला. मोहने-आंबिवलीची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली आणि तिथल्या कामगारांना देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. वागळे इस्टेटमधल्या अनेक शेडच्या जागी आज कार्यालये आणि आयटी पार्क आहेत. ‘मेकॅनिकलला आता स्कोप नाही’ हे वाक्य इथे घरोघरी ऐकू येते, त्यामागे हा इतिहास आहे.

पण काम संपलेले नाही. त्याने जागा बदलली आणि रूपही बदलले. आज ते साधारण असे विखुरलेले आहे:

- डोंबिवली एमआयडीसी: रसायने, कापडावरील प्रक्रिया, लहान इंजिनिअरिंग युनिट. इथे प्लांट मेन्टेनन्स, पंप, बॉयलर, पाइपिंग आणि सुरक्षा यांचे काम आहे.
- अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड: फॅब्रिकेशन, मशीन शॉप, औषधे, रसायने. अंबरनाथचा आयुधनिर्माणी कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांकडे आहेत.
- ऐरोली, रबाळे, महापे, तळोजा: डेटा सेंटर, प्रक्रिया उद्योग, इंजिनिअरिंग सेवा देणारी कार्यालये. डेटा सेंटरमध्ये सर्व्हर थंड ठेवणे हेच मोठे काम असते आणि ते मेकॅनिकलवाल्याचे आहे.
- भिवंडी: गोदामे. कन्व्हेयर, लिफ्टिंगची साधने, फोर्कलिफ्ट आणि रॅकिंग यांची देखभाल.
- रेल्वे आणि मेट्रो: कल्याणचे लोको शेड, कळव्याचे कारशेड, परळ-माटुंग्याची वर्कशॉप. मेट्रो ४ (वडाळा-कासारवडवली) आणि मेट्रो ५ (ठाणे-भिवंडी-कल्याण) या मार्गिकांमुळे गाड्यांच्या देखभालीचे कामही याच परिसरात येत आहे.

पुणे-चाकण किंवा नाशिकची नोकरी मोठ्या पगाराची वाटते, पण आधी वहीत हिशेब मांडा. वाढीव पगारातून खोलीचे भाडे, डिपॉझिट, जेवण आणि महिन्यातून दोनदा घरी येण्याचा खर्च वजा करा. उरलेली रक्कम फारच किरकोळ असेल, तर ती नोकरी फक्त शिकण्यासाठी घ्या. तिथे नवे मशीन, नवी प्रक्रिया किंवा नामांकित ग्राहक मिळणार असेल तर दोन वर्षे जरूर जा. तेवढेही मिळणार नसेल तर जाऊ नका.

राजीनाम्याआधीची कामे

वरिष्ठाशी भांडण झाले आणि रागाच्या भरात राजीनामा दिला, असे प्रकार कमी नाहीत. ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याला हे परवडत नाही. हातात लेखी ऑफर आल्याशिवाय नोकरी सोडू नये. सोडण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. कागद. नियुक्तिपत्र, पगारवाढीची पत्रे, किमान सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ आपल्याकडे हवेत. नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला आणि रिलिव्हिंग लेटर घ्यावे. ठेकेदाराकडे असाल तर अनुभवाच्या दाखल्यात आपण प्रत्यक्ष कोणत्या कंपनीच्या प्लांटमध्ये काम केले ते लिहून घ्यावे. नाहीतर पाच वर्षांचा अनुभव एका अनोळखी एजन्सीच्या नावावर राहतो.

२. मूळ प्रमाणपत्रे. दहावी, बारावी, डिप्लोमा, डिग्री यांच्या मूळ प्रती कोणत्याही कंपनीकडे जमा करू नका. दाखवाव्यात आणि परत घ्याव्यात.

३. पीएफ. नोकरी बदलली की पैसे काढून घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. यूएएन क्रमांक एकच ठेवून खाते नव्या कंपनीकडे वर्ग करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि दर वेळी पैसे काढले की ती मोजणी तुटते. पाच वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर करही लागू शकतो.

४. ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत पाच वर्षे भरत आली असतील तर दोन-तीन महिन्यांसाठी घाई करू नका.

५. नवे कायदे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यानुसार नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे, ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो आणि नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करण्याची तरतूद आहे. महिलांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीत काम करता येते. तेव्हा ‘मुली शॉप फ्लोअरवर चालत नाहीत’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नका.

बायोडाटात काय लिहावे

आपल्या बहुतेक मुलांचा बायोडाटा सारखाच दिसतो. वर ‘ध्येय’ म्हणून एक पाठ केलेले इंग्रजी वाक्य, मग टक्केवारी, मग छंद, शेवटी वडिलांचे नाव आणि वैवाहिक स्थिती. दुसऱ्या नोकरीच्या वेळी यातले जवळजवळ काहीच कोणी वाचत नाही. वाचले जाते ते हातून झालेले काम.

‘मेन्टेनन्स पाहिला’ असे लिहू नका. कोणती मशीन, किती, कोणत्या कंपनीची, तुमच्या आधी ब्रेकडाउन किती होते, नंतर किती झाले, ते लिहा. ‘क्वालिटीत होतो’ याऐवजी कोणता भाग तपासत होता, कोणते मोजमापाचे साधन वापरत होता, ग्राहकाची तक्रार आली तेव्हा मूळ कारण कसे शोधले, ते लिहा. आकडे आठवत नसतील तर आजपासून एक वही ठेवा. रोज दोन ओळी पुरतात. सहा महिन्यांत तीच वही बायोडाटाचा कच्चा माल होते.

डिझाइनकडे जायचे असेल तर सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्रापेक्षा नमुन्याचे काम जास्त बोलते. घरातला किंवा गॅरेजमधला एखादा भाग घ्या. पंपाचे इम्पेलर, सायकलचा हब, बेअरिंग हाउसिंग, काहीही चालेल. व्हर्नियरने मोजा, मॉडेल करा, टॉलरन्ससह पूर्ण ड्रॉइंग काढा आणि तो भाग कसा बनवाल ते अर्ध्या पानात लिहा. अशी चार-पाच कामे एका फाइलमध्ये असली की मुलाखतीत बोलायला विषय मिळतो.

खासगी नोकरीच्या बायोडाटात जात, धर्म, वडिलांचे नाव लिहिण्याची गरज नाही. मात्र समाजातले काम लपवण्याचेही कारण नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे नियोजन, अभ्यासिका चालवणे, रक्तदान शिबिर भरवणे यांत हिशेब, माणसे आणि वेळ सांभाळावी लागते. किती स्वयंसेवक होते, खर्च किती होता, परवानग्या कोणत्या काढल्या, असे लिहिले तर तो संघटनाचा अनुभव ठरतो. लिहायचे की नाही हे तुम्ही ठरवा. लिहाल तर नेमके लिहा.

कोणते कौशल्य जोडावे

क्लासवाले सगळ्यांना एकच कोर्स विकतात. खरे तर कौशल्य आपल्या आजच्या कामाच्या शेजारचे असावे, म्हणजे जुना अनुभव वाया जात नाही.

*उत्पादनात असाल तर* सीएनसी आणि व्हीएमसीचे प्रोग्रॅमिंग, जिग-फिक्स्चर, पीएलसीची प्राथमिक ओळख. चुनाभट्टीच्या आयडेमी या केंद्र सरकारच्या संस्थेत टूल डिझाइन, सीएनसी आणि कॅडचे अभ्यासक्रम चालतात.

*क्वालिटीत असाल तर* जीडी अँड टी, एसपीसी, एफएमईए, पीपीएपी. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत जायचे असेल तर आयएटीएफ १६९४९ या मानकाची माहिती हवी. अंतर्गत ऑडिटरचे प्रशिक्षण काही दिवसांचेच असते, पण ते प्रत्यक्ष ऑडिटला बसल्यावरच उपयोगी पडते.

*फॅब्रिकेशनमध्ये असाल तर* वेल्डिंग तपासणी आणि एनडीटी, म्हणजे वस्तू न मोडता तिच्यातले दोष शोधणे. अल्ट्रासॉनिक, रेडिओग्राफी, पेनिट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल यांतल्या दोन पद्धतींत लेव्हल २ झालेल्या माणसाला प्रेशर व्हेसल, पाइपलाइन, रिफायनरी अशा ठिकाणी वाव मिळतो. स्वस्त म्हणून दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे जाऊ नका. मुलाखतीत प्रोब हातात दिला की ते उघडे पडते.

*प्लांट मेन्टेनन्समध्ये असाल तर* बॉयलर ऑपरेशन इंजिनीअरची परीक्षा पाहा. ती राज्याच्या बाष्पके विभागाकडून होते आणि अनुभवाची अट असते. दुसरी वाट ऊर्जा व्यवस्थापनाची. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या राष्ट्रीय परीक्षेतून एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर होता येते.

*एसी, चिलर, युटिलिटीत असाल तर* ते कमी दर्जाचे काम समजू नका. डेटा सेंटर, रुग्णालये, औषध कंपन्यांचे क्लीन रूम, मॉल आणि मेट्रो स्थानके यांना चिलर, एअर हँडलिंग युनिट आणि बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम समजणारा माणूस लागतो. पाइपिंग आणि डक्टिंगचे ड्रॉइंग रेव्हिटमध्ये करता आले तर सल्लागार कंपन्यांचेही दार उघडते.

*औद्योगिक सुरक्षा* ही वाट आपल्या परिसरासाठी विशेष महत्त्वाची आहे. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळी माणसे गेली आणि आसपासच्या वस्त्यांतली घरेही हादरली. त्या वस्त्यांत आपली माणसे राहतात. नव्या संहितेनुसार ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगारांपासून सुरक्षा अधिकारी नेमणे आवश्यक आहे. पूर्वीच्या कायद्यात ही मर्यादा साधारणपणे १००० होती. त्यासाठी औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम करावा लागतो. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो आहे आणि राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेल्या इतर संस्थांतही आहे. पदवी किंवा पदविकेबरोबर कारखान्यातला अनुभव लागतो, म्हणजे ही संधी फ्रेशरपेक्षा तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

आयटीकडे वळण्याचा मोह सगळ्यांना होतो. जायचेच असेल तर सी-डॅकच्या सी-कॅट प्रवेश परीक्षेसारखा पारखलेला मार्ग घ्या. ‘नोकरीची हमी’ देऊन लाखभर रुपये मागणाऱ्या क्लासपासून दूर राहा. आणि एक विचार करा. कारखान्याची माहिती असलेला मेकॅनिकल इंजिनीअर डेटा, सिम्युलेशन किंवा ऑटोमेशन शिकला तर तो दोन्हीकडे उपयोगी ठरतो. सगळे मागे टाकून शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला नव्या पोरांशी स्पर्धा करावी लागते.

ओळख, वशिला आणि जात

‘टॅलेंट असेल तर नोकरी मिळते’ असे आपल्याला सांगितले जाते. संशोधन वेगळे सांगते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच दिसली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या व्यवस्थापकांशी बोलून लिहिले, की तोंडाने सगळे गुणवत्तेची भाषा बोलतात आणि मुलाखतीत मात्र ‘घरची पार्श्वभूमी’ विचारतात.

हे आजचे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत चांगला पगार विणकाम खात्यात होता आणि तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण दिले जाई. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. मजूर म्हणून आत घ्यायचे, पण ज्या कामात कौशल्य आणि पैसा आहे तिथे जाऊ द्यायचे नाही, ही ती पद्धत होती. आज कोणी विटाळ म्हणत नाही. पण चांगली जागा रिकामी झाली की ती जाहिरातीत येण्याआधीच कोणाच्या तरी भाच्याला, गाववाल्याला, सोसायटीतल्या ओळखीच्या मुलाला कळते. आपल्याला कळते तेव्हा ती भरलेली असते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या नोकरदारांबद्दल लिहिले, त्यातून आपल्याला एक धडा घेता येतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी ज्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत असे, असे शंभरात जेमतेम सतरा होते. बाकीच्यांना नोकरी कळली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून. कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी दूरच्या ओळखीकडून येते.

म्हणून वस्तीतल्या मित्रांपलीकडे जाऊन यादी करा. जुन्या कंपनीतला सुपरवायझर, तिथे येणारा व्हेंडर, मशीनचा सर्व्हिस इंजिनीअर, कॉलेजचा सीनियर, लॅबमधले सर, लोकलमधला रोजचा ग्रुप, अशी तीस नावे निघतात. दर आठवड्याला तिघांशी बोला. ‘माझ्यासाठी काहीतरी बघा’ असे म्हणू नका, समोरचा काय बघणार? ‘मी चार वर्षे केमिकल प्लांटमध्ये पंप आणि मेकॅनिकल सीलचे काम केले आहे, तळोजा किंवा अंबरनाथमध्ये मेन्टेनन्सची जागा असेल तर कळवा’ असे म्हणा. एवढे नेमके सांगितले की ते त्याच्या लक्षात राहते. लिंक्डइनचे खातेही याच भाषेत भरा.

मुलाखतीत

तांत्रिक प्रश्न बहुतेक तुम्ही केलेल्या कामावरच येतात. तुमच्या मशीनचे ड्रॉइंग, तिचे बिघाड, तुम्ही केलेली एक सुधारणा आणि तुमच्या हातून सुटलेला एक प्रश्न, एवढे स्वच्छ सांगता आले पाहिजे. इंग्रजी अडत असेल तर याच चार गोष्टी आधी इंग्रजीत मोठ्याने बोलून सराव करा. वाक्ये छोटी ठेवा. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच कंपन्यांत शॉप फ्लोअरची मुलाखत हिंदी-मराठीतही होते, तेव्हा न्यूनगंड नको.

‘पूर्ण आडनाव काय?’, ‘मूळ गाव कोणते?’, ‘डिग्रीला प्रवेश कोणत्या कोट्यातून?’ असे प्रश्न आजही येतात. भांडू नका, ओशाळूही नका. एका वाक्यात उत्तर द्या आणि बोलणे कामावर आणा: ‘मी कल्याणचा. डिग्रीनंतरची पाच वर्षे हेच काम केले आहे, ते सांगू का?’ प्रवेश राखीव जागेवरून झाला म्हणून परीक्षा कोणी सोपी काढली नव्हती, हे मनात पक्के असू द्या. कामाच्या ठिकाणी जातीवरून अपमान झाला तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. चारचौघांत जातीवाचक अपमान करणे हा १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

सरकारी वाट आणि जातीचा दाखला

खासगी नोकरी करतानाही या परीक्षा देता येतात. रेल्वे भरती मंडळाची ज्युनिअर इंजिनीअर, एसएससीची ज्युनिअर इंजिनीअर, एमपीएससीची सहायक मोटार वाहन निरीक्षक (मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल पदविकाधारकांसाठी, वाहन परवान्याच्या अटीसह), महानिर्मिती आणि गेटच्या गुणांवर भरती करणाऱ्या सार्वजनिक कंपन्या. गेटला वयाची अट नाही. केंद्राच्या भरतीत अनुसूचित जातीला साधारण पाच वर्षांची सवलत असते आणि राज्यात मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंतची मर्यादा असते, तरी प्रत्येक जाहिरातीतली अट वेगळी वाचावी. पुण्याच्या बार्टीतर्फे स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण मिळते.

इथे आपल्या मुलांचे नुकसान होते ते दाखल्यामुळे. बौद्ध धर्मांतरितांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. पण केंद्राच्या यादीत ‘नवबौद्ध’ नावाची जात नाही. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी केंद्राच्याच नमुन्यातला, मूळ अनुसूचित जातीचे नाव आणि बौद्ध धर्म असा उल्लेख असलेला दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही आणि कागदपत्र पडताळणीच्या दिवशी ते लक्षात येऊन उपयोग नसतो. प्रांत कार्यालयातून हा दाखला आत्ताच काढून ठेवा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या मूळ वास्तव्याचा पुरावा लागतो. गाव रत्नागिरी, सातारा किंवा बीडचे असेल तर आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावचा महसुली कागद शोधायला वेळ जातो. राज्याच्या नोकरीसाठी जात वैधता प्रमाणपत्रही वेळेत करून घ्या.

स्वतःचे वर्कशॉप

दहा वर्षे मशीन शॉपमध्ये काढलेल्या माणसाने हा विचार जरूर करावा. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या खरेदीतील २५ टक्के माल अशा उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहे. यासाठी उद्यम नोंदणी लागते आणि ती मोफत आहे. भांडवलासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याची मुख्यमंत्री योजना पाहा. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान असते. चौकशी ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात करावी. पण आधी ग्राहक, मग मशीन. दोन कंपन्यांकडून कामाचा लेखी शब्द मिळाल्याशिवाय कर्ज उचलू नका.

फसवणूक ओळखा

नोकरीसाठी पैसे मागणारा, मग तो ‘रजिस्ट्रेशन’ म्हणो की ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, फसवणारा आहे असे धरून चाला. आखाती देशात जायचे असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि जीएसटी घेता येतो, तेही पावती देऊन. व्हिजिट व्हिसावर नोकरीला पाठवतो म्हणणाऱ्याला नकार द्या.

विहार आणि कार्यकर्त्यांसाठी

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. सेवायोजन कार्यालयांची घडी बसू लागली ती त्याच मजूर खात्यात. नोकरी ही ओळखीच्या कृपेने न मिळता खुल्या माहितीने मिळावी, ही ती दृष्टी होती. सरकारी सेवायोजन आज महास्वयम पोर्टलवर आहे, तिथे नोंदणी करावीच. पण खासगी कंपनीच्या आतली माहिती आपल्यालाच गोळा करावी लागेल.

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या भागांत आपली विहारे आहेत आणि रविवारी माणसे जमतात. वंदनेनंतरचा एक तास यासाठी द्यावा. करायचे एवढेच:

- परिसरातील नोकरदार इंजिनीअर, टेक्निशियन आणि निवृत्त कामगारांची नोंदवही ठेवावी: कोणती कंपनी, कोणते खाते, कोणते काम. फोन नंबर संमतीशिवाय कोणाला देऊ नये.
- ज्याच्या कंपनीत जागा निघेल त्याने ती त्याच आठवड्यात कळवावी.
- महिन्यातून एकदा सरावाची मुलाखत घ्यावी. घेणारा शक्यतो त्याच क्षेत्रातला असावा.
- जातीचे दाखले, पीएफ आणि थकलेला पगार यांसाठी माहिती असणारे दोन कार्यकर्ते ठरवावेत.
- ज्याला नोकरी लागेल त्याने वर्षभरात पुढच्या दोघांचे अर्ज आत पोहोचवावेत.

यात एक पथ्य आहे. लायक नसलेल्याला ढकलू नये. एका चुकीच्या शिफारशीने आत असलेल्या माणसाचा शब्द जातो आणि पुढच्या दहा जणांची वाट बंद होते. वस्तीबाहेरच्या, इतर समाजातल्या चांगल्या माणसांनाही मार्गदर्शनासाठी बोलवावे, कारण नव्या बातम्या त्यांच्याकडून येतात.

जयंतीच्या वर्गणीसाठी घरोघर फिरणारी आपली फळी मजबूत आहे. तीच फळी एक वर्ष ही नोंदवही घेऊन फिरली, तर कारखान्याच्या गेटबाहेर बायोडाटा घेऊन उभ्या असलेल्या मुलाला आत एक तरी ओळखीचा माणूस भेटेल.

जय भीम.